मांडीवरचे मूल : मोटारीतील सुरक्षापट्ट्याचा इतिहास आणि कायदा

मोटारगाडी रस्त्यावर आल्यापासून पुढची पन्नास-साठ वर्षे अपघाताचा विचार जवळजवळ पूर्णपणे चालकाच्या दोषाभोवती फिरत होता. चालक सावध असेल, रस्ता नीट असेल आणि नियम पाळले जात असतील तर अपघात होणारच नाही, अशी समजूत असल्यामुळे टक्कर झाल्यानंतर गाडीत बसलेल्या माणसाच्या शरीराचे नेमके काय होते, हा प्रश्न वेगळा काढून तपासण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. तो प्रश्न तपासला गेला तेव्हा त्यातून आजचा सीट बेल्ट घडला आणि पुढे तो सक्तीचा करणारे कायदे झाले. या इतिहासात लहान मुलाचे स्थान मात्र चमत्कारिक आहे. अभियंत्यांनी मुलाचा विचार सर्वांत शेवटी केला. पण अमेरिकेत कायदे करणारी मंडळी प्रौढ प्रवाशाच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर अडून बसली होती, तेव्हा कायद्याला पुढे जाण्याची वाट मुलामुळेच सापडली.

टकरीच्या शास्त्राचा पाया विमानविद्येत घातला गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॅनडात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना विमान अपघातातून वाचलेले ह्यू डी हेवन यांनी १९४२ साली उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानवी शरीर प्रचंड धक्का सोसू शकते, मात्र तो धक्का शरीराच्या मोठ्या भागावर पसरला पाहिजे आणि थांबण्यासाठी शरीराला थोडे तरी अंतर मिळाले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी हीच गोष्ट स्वतःच्या देहावर तपासली. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर अग्निबाणाच्या जोरावर धावणाऱ्या घसरगाडीत पट्ट्यांनी जखडून बसलेले स्टॅप ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगापर्यंत पोहोचले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. त्या वेळी त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट भार आला. तरी ते जगले आणि पुढची अनेक वर्षे मोटारींत पट्टे बसवावेत म्हणून बोलत राहिले.

तोवर मोटारींत मिळणारा पट्टा बहुधा कमरेपुरताच असे. अमेरिकेत नॅश कंपनीने १९४९ पासून आणि फोर्डने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून असे पट्टे देऊ केले होते. पण कमरेचा पट्टा शरीराला मधोमध धरून ठेवतो आणि छाती व डोके पुढे फेकले जाऊ देतो. या अडचणीचे निराकरण स्वीडनमध्ये झाले. साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेले नील्स बोलिन १९५८ साली व्होल्वोत आले आणि वर्षभरातच त्यांनी तीन बिंदूंचा पट्टा तयार केला. लढाऊ विमानातील वैमानिक चार-सहा पट्टे शांतपणे बांधून घेईल, पण बाजारात निघालेला सामान्य माणूस तसे करणार नाही, हे ओळखून त्यांनी एका हाताने, एका कृतीत लावता येईल असा पट्टा आखला. त्याचा एक भाग ओटीपोटाच्या खाली, कटीच्या हाडावर आडवा बसतो आणि दुसरा खांद्यावरून छातीवर तिरका येतो. दोन्ही भाग आसनाच्या बाजूला, नितंबाच्या खालच्या पातळीवर एका बिंदूत मिळतात, त्यामुळे धक्का बसताना पट्टा जागचा सरकत नाही आणि भार शरीरातील बळकट हाडांवर पडतो. हा पट्टा मुळातच बसवलेली पहिली मोटार १३ ऑगस्ट १९५९ रोजी स्वीडनमधील क्रिस्तियानस्ताद येथील विक्रेत्याकडे पोहोचली. अमेरिकेत बोलिन यांना जुलै १९६२ मध्ये एकस्व मिळाले, म्हणजे त्या रचनेवरील हक्क कायद्याने मान्य झाला. तरीही व्होल्वोने ती रचना इतर कंपन्यांना वापरू दिली. उद्योगाच्या इतिहासात इतका मोठा आणि इतका शांत त्याग क्वचितच आढळतो.

पट्टा गाडीत असणे आणि तो प्रवाशाच्या अंगावर असणे या दोन गोष्टींतील अंतर मिटवायला मात्र आणखी दशके लागली. राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक १९६५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा संघराज्यीय कायदा झाला आणि १९६८ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत पट्टे बसवणे बंधनकारक झाले. परंतु ते लावण्याची सक्ती कोणावरही नव्हती. ती सक्ती जगात प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केली. १९६९ साली त्या राज्यात रस्त्यांवर १,०३४ माणसे मेली होती. मेलबर्नच्या 'सन' या वृत्तपत्राने तोच आकडा मथळ्यात घेऊन त्याविरुद्ध युद्ध पुकारले, शल्यचिकित्सकांच्या संघटनेने शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज दिसणारी वस्तुस्थिती सरकारपुढे मांडली, आणि २२ डिसेंबर १९७० पासून पट्टा लावणे कायद्याने आवश्यक ठरले. १९७० मधील १,०६१ मृत्यूंवरून १९७१ मध्ये संख्या ९२३ वर आली, आणि थोड्याच काळात ऑस्ट्रेलियातील इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला.

अमेरिकेने त्याऐवजी यंत्राकडून सक्ती करवून घेण्याचा प्रयत्न केला आणि तो अंगाशी आला. १९७४ च्या नव्या मोटारींत अशी जोडणी केली होती की पुढच्या आसनावरील प्रवाशाने पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये. शेजारच्या आसनावर ठेवलेली सामानाची पिशवीसुद्धा कधी कधी प्रवासी समजली जाई आणि गाडी अडून बसे. लोकांचा संताप इतका झाला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, ही जोडणी बंधनकारक करण्यास कायद्यानेच मनाई केली. स्वतःच्या जिवाची जोखीम घेण्याचा हक्क प्रौढ माणसाला आहे, सरकारने त्यात पडू नये, हा युक्तिवाद या प्रसंगानंतर इतका प्रबळ झाला की प्रौढांवर सक्ती करणारा कायदा अमेरिकेतील कोणत्याही राज्यात होईल असे सत्तरीच्या दशकात दिसत नव्हते.

या वातावरणात मुलाचा प्रश्न पुढे आला. मोटारीत मुलासाठी वेगळे आसन असावे ही कल्पना नवी नव्हती, पण सुरुवातीच्या आसनांचा हेतू मुलाला एका जागी बसवणे आणि खिडकीबाहेरचे दिसावे म्हणून उंच करणे एवढाच होता. पुढच्या आसनाच्या पाठीला आकड्याने अडकवलेले ते हलके सांगाडे टकरीत काहीच कामाचे नव्हते. साठीच्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी टकरीचा विचार करून आसने रचली. त्याहून मूलगामी विचार स्वीडनमधील डॉक्टर बर्टिल आल्डमन यांचा होता. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर पाठीवर रेललेले असतात, म्हणजे सारा भार पाठीच्या रुंद पृष्ठभागावर पसरतो, हे पाहून त्यांनी मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला असलेले आसन १९६४ च्या सुमारास तयार केले.

त्यामागचे शरीरशास्त्र समजून घेतल्याशिवाय पुढच्या कायद्यांचे मर्म कळत नाही. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, तर प्रौढाचे सातवा किंवा आठवा. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात आणि त्यांना बांधणारे स्नायुबंध सैल असतात. समोरून टक्कर झाली आणि मूल पुढे तोंड करून बसलेले असेल तर धड पट्ट्याने थांबते, पण ते जड डोके पुढे जात राहते आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोके, मान आणि पाठ एकाच वेळी आसनात दाबली जातात. चार-पाच वर्षांच्या मुलाची अडचण निराळी असते. कमरेचा पट्टा ज्या हाडाच्या कंगोऱ्यावर अडकून राहायला हवा, तो कंगोरा त्या वयात नीट घडलेला नसतो, त्यामुळे मोठ्यांचा पट्टा वर सरकून पोटात रुततो आणि आतड्यांना, यकृताला, कधी कण्याला इजा करतो. खांद्यावरचा भाग तर गळ्याशी येतो. मुलाला थोडे उंच करून पट्टा योग्य जागी आणणारी उशी, म्हणजेच बूस्टर सीट, याच कारणासाठी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये प्रचारात आली.

हे सारे ज्ञान उपलब्ध असताना अमेरिकेतील बहुतेक मुले आईच्या मांडीवर किंवा दोन आसनांच्या मधल्या जागेत उभी राहून प्रवास करत होती. टेनेसी राज्यातील मर्फ्रीजबरो येथील बालरोगतज्ज्ञ आणि रुदरफर्ड काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, आरोग्य खात्याचे प्रमुख रॉबर्ट सँडर्स यांना ही स्थिती असह्य वाटत होती. गोवर, पोलिओ यांसारख्या रोगांपासून लसीने वाचवलेले मूल घरी जाताना रस्त्यावर मरणार असेल तर बालरोगशास्त्राचे काम अर्धवट राहते, ही त्यांच्या पिढीतील काही डॉक्टरांची भूमिका होती, आणि सँडर्स यांनी ती विधिमंडळापर्यंत नेली. १९७६ मध्ये त्यांचा प्रस्ताव पुढे सरकला नाही. त्यांनी व त्यांच्या पत्नी पॅट यांनी हार मानली नाही. राज्यभरातील बालरोगतज्ज्ञांनी आपापल्या भागातील आमदारांशी बोलावे, असा खटाटोप केला आणि १९७७ मध्ये विधेयक संमत झाले. १ जानेवारी १९७८ पासून टेनेसीत चार वर्षांखालील मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवणे आईवडिलांवर बंधनकारक झाले. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. विधेयक संमत होताना त्यात एक सवलत घुसवण्यात आली होती, तिच्यानुसार मोठ्या माणसाने हातात धरलेल्या बाळाला आसनाची गरज नव्हती. वरवर पाहता ही सवलत मायेतून आलेली आणि निरुपद्रवी वाटते. आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, ही भावना सर्व समाजांत खोल रुजलेली आहे आणि तिच्याविरुद्ध मत देणे लोकप्रतिनिधींना अवघड गेले असणार. परंतु हिशेब असा आहे की ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी टकरीत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलो वजनाचे मूल धरून ठेवण्यासाठी सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते, आणि त्या क्षणातील सर्वोच्च भार याहून बराच अधिक असतो. शिवाय धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर त्याचे साठ-सत्तर किलोचे शरीर मुलावर आदळते आणि मूल त्याच्या व समोरच्या फळीच्या मध्ये सापडते. दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावला तरीही मूल मधोमध चिरडले जाते. म्हणूनच सँडर्स आणि त्यांचे सहकारी त्या सवलतीला मुलाला चिरडणारी दुरुस्ती म्हणत. तीन वर्षे त्यांनी तिच्याविरुद्ध प्रयत्न चालू ठेवले आणि १९८१ मध्ये ती रद्द करवून घेतली. पहिला कायदा मिळवण्यापेक्षा त्यातील हे छिद्र बुजवणे हे या डॉक्टरांचे अधिक मोठे काम म्हटले पाहिजे, कारण कोणत्याही समाजात बदलायला सर्वांत कठीण असतो तो चांगल्या हेतूने केलेला चुकीचा व्यवहार.

याच प्रश्नावर त्या काळी झालेल्या एका अभ्यासाचा धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईच्या आयआयटीतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन मिशिगन विद्यापीठात संशोधन केलेले दिनेश मोहन तेव्हा अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या एका विमा संशोधन संस्थेत काम करत होते. लॉरेन्स श्नायडर यांच्याबरोबर त्यांनी प्रौढ माणूस मांडीवरच्या बाळाला किती बळाने आवळून धरू शकतो याची मोजणी केली आणि १९७९ मध्ये ती प्रसिद्ध केली. गंभीर टकरीत उत्पन्न होणाऱ्या बळापुढे माणसाच्या हातांचा निभाव लागत नाही, हे त्या अभ्यासाने मोजून दाखवले. त्यानंतर भारतात परतून मोहन यांनी दिल्लीच्या आयआयटीत रस्ते सुरक्षेच्या अभ्यासाची एक संपूर्ण परंपरा उभी केली.

टेनेसीचे उदाहरण पाहून इतर राज्ये सरसावली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांसाठी कायदे झाले. प्रौढांवरील पहिली सक्ती न्यूयॉर्क राज्याने १९८४ मध्ये केली, म्हणजे टेनेसीच्या कायद्यानंतर सहा वर्षांनी. मूल स्वतःच्या जिवाबद्दल निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने कायद्याने बोलणे योग्य आहे, हे एकदा मान्य झाल्यावर मोटारीच्या आत कायद्याचा प्रवेश झाला होता. न्यू हॅम्पशायर राज्यात आजही प्रौढाला पट्टा लावण्याची सक्ती नाही, पण अठरा वर्षांखालील मुलाला आहे. स्वातंत्र्याच्या युक्तिवादाची सीमा याहून स्पष्टपणे कोठे दिसणार नाही. ब्रिटनमध्ये क्रम उलटा होता. तेथे अनेक अयशस्वी विधेयकांनंतर पुढच्या आसनावरील प्रवाशांसाठीची सक्ती ३१ जानेवारी १९८३ पासून आली, मागे बसणाऱ्या मुलांसाठी १९८९ मध्ये आणि मागच्या प्रौढांसाठी १९९१ मध्ये.

भारतातही क्रम पुढून मागेच राहिला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या आधारे केलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९९३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून चालकासाठी व त्याच्या शेजारच्या आसनासाठी पट्टा बसवणे उत्पादकांवर बंधनकारक ठरले. मागच्या आसनांचा समावेश नंतर झाला. नियम १३८ च्या पोटनियम ३ मध्ये समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवाशांनीही गाडी चालू असताना पट्टा लावावा असे स्पष्ट लिहिलेले आहे, पण ते वाक्य बराच काळ पुस्तकातच राहिले. दंड शंभर रुपये, आणि तोही मागच्या प्रवाशाकडून क्वचितच घेतला जाई. मागची जागा मानाची आणि म्हणून निर्धोक, असा समज सुशिक्षित घरांतही पक्का होता. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मागचा पट्टा शोभेचा नाही, हे तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांना, जे स्वतः डॉक्टर आहेत, त्या दुःखाच्या प्रसंगीच सांगावे लागले. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्याला मोटार धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. त्या गाडीत पुढे बसलेले दोघे वाचले आणि मागे पट्ट्याविना बसलेले दोघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्टा आवश्यक असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तो नियम आधीपासूनच होता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील ८,३३१ जण चालक नसून प्रवासी होते.

मुलाचा स्पष्ट उल्लेख भारतीय कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आला. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने किंवा चाइल्ड सीटसारख्या बंधनव्यवस्थेने सुरक्षित केलेले नसेल तर गाडी चालवणाऱ्याला, किंवा तशी ती चालवू देणाऱ्याला, एक हजार रुपये दंड आहे. महाराष्ट्राने वाढीव दंडांची अंमलबजावणी लांबवली आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. जबाबदारी मोठ्या माणसावर टाकणारे हे कलम महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. पण वाक्यात दोन पर्याय समान पातळीवर ठेवल्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तरी कायद्याचे समाधान होते, आणि तो पट्टा त्या वयाच्या शरीरावर कोठे बसतो हे वर पाहिलेच आहे. कोणत्या वयाला, किती उंचीला कोणते आसन, याची पायरीवार मांडणी कलमातच असती तर पालकांना आणि पोलिसांनाही मार्गदर्शन झाले असते. आजही बारशाहून परतणाऱ्या गाडीत बाळ आजीच्या मांडीवर असते आणि पोलिसाने ती गाडी अडवल्याचे कोणी पाहिलेले नसते.

भारतातील प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही, कारण येथील बहुसंख्य मुले मोटारीत बसतच नाहीत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत झालेल्या १,६८,४९१ मृत्यूंपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील माणसांचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम १३८ मध्ये भर घातली आणि ती वर्षभराने अमलात आली. तिच्यानुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवरून नेताना चालकाने त्याला हार्नेसने, म्हणजे मुलाच्या अंगात घातलेल्या जाकिटासारख्या पट्ट्यांनी, स्वतःच्या शरीराला जोडून घ्यायचे आहे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट असले पाहिजे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. आसन नसलेल्या वाहनावर मुलाला बांधायचे तर चालकाच्या देहालाच बांधावे लागते, या अडचणीतून निघालेला हा तोडगा आहे. वळणावर किंवा गचका बसल्यावर झोपलेले मूल खाली पडण्याचा धोका त्याने टळतो. समोरून टक्कर झाली तर मात्र मूल आणि चालक एकत्रच फेकले जातात, म्हणून या नियमातील तीन अटींपैकी वेगाची अट सर्वांत निर्णायक ठरते, आणि नेमकी तीच अट रस्त्यावर तपासणे सर्वांत कठीण आहे.